घन प्रणोदक व विद्युत् क्षेत्र

घन प्रणोदक व विद्युत् क्षेत्र : तोफेच्या गोळ्याला किंवा रॉकेटाला गती देण्यासाठी जी घन, ज्वलनशील द्रव्ये वापरतात त्यांना घन प्रणोदक म्हणतात. इंधन व ऑक्सिडीकारक (ज्वलनास लागणारा ऑक्सिजन पुरविणारे द्रव्य) ही दोन्ही प्रणोदकात एकत्रच असतात, त्यामुळे बाहेरची हवा नसतानाही ते जळू शकते. प्रणोदक जळण्यापूर्वी उष्णतेने त्याचे रेणू तुटतात. या विक्रियेला तापीय अपघटन म्हणतात. अपघटन इच्छेनुसार व इष्ट वेगाने झाले, तर गोळा किंवा रॉकेट लक्ष्याकडे जाते; ते कोठारात, गाडीत किंवा कारखान्यात नकळत सुरू झाले, तर माणसे मरतात. या अपघटनावर विद्युत् क्षेत्राचा काय परिणाम होतो, हा प्रश्न म्हणूनच शास्त्रीय जिज्ञासेइतकाच सुरक्षिततेचाही आहे. महाराष्ट्रात प्रणोदकांची घडण मुख्यतः पुणे, नासिक, नागपूर व भंडारा या भागांत होते आणि त्यांची परीक्षा अनेकदा अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील माळरानावर होते.

पूर्वेतिहास : सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण असलेली बंदुकीची दारू हे सर्वांत जुने घन प्रणोदक होय. तिच्या रूढ मिश्रणात वजनाने सु. ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असे. दख्खनमध्ये या दारूचा मोठ्या प्रमाणावर वापर निजामशाहीच्या काळात झाला. १४९० मध्ये मलिक अहमदने वसविलेल्या अहमदनगर येथेच १५४९ साली ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ ओतण्यात आली. सु. ५५ टन वजनाची ही तोफ पुढे परांडा येथून विजापूरला नेण्यात आली व आजही ती तेथे आहे. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी अहमदनगरच्या तटाखाली दारूचे सुरुंग पेरले. त्यांपैकी काही किल्ल्यातील लोकांनी शोधून निकामी केले. एकाच्या स्फोटाने तटाला खिंडार पडले, ते चांदबीबीने रातोरात बुजवून घेतले. याच दारूने भरलेले ‘बाण’ म्हणजे अग्निबाण अठराव्या शतकात मराठ्यांच्या व म्हैसूरच्या सैन्यांत वापरात होते. म्हैसूरच्या लोखंडी नळ्यांच्या बाणांवरून इंग्लंडमध्ये विल्यम काँग्रीव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी आपली रॉकेटे तयार केली [⟶ रॉकेट].

दारू व विद्युत् यांचा संबंध प्रथम विजेच्या रूपाने लक्षात आला. १७६९ मध्ये इटलीतील ब्रेशा येथे ज्या वास्तूत दारूचा साठा ठेवला होता तीवर वीज पडली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. या घटनेनंतर इंग्लंडमध्ये पर्फ्लीट येथील दारूच्या कोठारांचे संरक्षण कसे करावे, यासाठी १७७२ मध्ये रॉयल सोसायटीने एक समिती नेमली. बेंजामिन फ्रँक्लिन व हेन्‍री कॅव्हेंडिश हे तिचे सदस्य होते. समितीने टोकदार विद्युत् संवाहक बसविण्याची शिफारस केली. बेंजामिन विल्सन या सदस्याने मात्र बोथट संवाहकांचा आग्रह धरला. दारूगोळ्याच्या कोठारात विद्युत् भाराला जमिनीकडे जाण्याची सोपी वाट करून दिली पाहिजे, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले. घर्षणाने निर्माण होणाऱ्या स्थिर विद्युताचा धोकाही कारागिरांना अनुभवाने कळला होता. दारूच्या दाण्यांना ग्रॅफाइटाची झिलई देण्याच्या पद्धतीने दाणे मोकळे वाहतात व त्यांच्यावर भारही साचत नाही. येथे व्यवहार सिद्धांताच्या पुढे चालत होता.

धूरविरहित दारू व अपघटनाचा प्रश्न : १८४६ मध्ये क्रिस्टिआन शनबाइन यांनी नायट्रोसेल्युलोजाचा शोध लावला. त्यानंतर पॉल व्ह्येय यांची धूरविरहित दारू (१८८४), आल्फ्रेड नोबेल यांची बॅलिस्टाइट (१८८७) व फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांची कॉर्डाइट (१८८९) ही प्रणोदके पुढे आली. नायट्रोग्लिसरीन व नायट्रोसेल्युलोज या दोहोंपासून बनलेल्या अशा प्रणोदकांना द्विआधारी प्रणोदक म्हणतात. या द्रव्यांचा दोष असा की, ती साध्या तापमानालाही अतिशय मंद गतीने अपघटन पावत असतात. त्यातून निघणारी नायट्रोजनाची ऑक्साइडे पुढील अपघटनास चालना देतात. फ्रान्सच्या ‘इएना’ (१९०७) व ‘लिबर्ते’ (१९११) या युद्धनौका साठविलेल्या दारूच्या अशा बिघाडामुळे तूलाँ बंदरातच स्फोट होऊन नष्ट झाल्या व शेकडो लोक मरण पावले. डायफिनिल अमाइनासारखी स्थिरीकारके दारूत मिसळणे आणि साठ्यातील नमुने ठराविक काळाने तापवून तपासणे या प्रथांचे महत्त्व अशा अपघातांनी पटवून दिले.

अपघटनातून स्फोट का होतो, याचे गणिती विवेचन १९२८ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय सिमयॉनॉव्ह यांनी केले. अपघटनात निर्माण होणारी उष्णता तापमानाबरोबर फार झपाट्याने वाढते. बाहेर जाणारी उष्णता मात्र तापमानाच्या फरकाच्या प्रमाणातच वाढते. पहिली दुसरीपेक्षा जास्त झाली की, द्रव्य आपल्याच उष्णतेने अधिकाधिक तापत जाते व शेवटी पेटते. उदा., एखाद्या विक्रियेची सक्रियण ऊर्जा दर मोलला ३० किलोकॅलरी असेल, तर २२०° से. वरून २३०° से. एवढ्याच तापमानवाढीने तिचा वेग सु. १.८ पट होतो. यासाठी सर्व द्रव्य तापावे लागत नाही. एका सूक्ष्म ठिकाणी पुरेशी उष्णता एकवटली तरी चालते. केंब्रिज येथे फिलिप बाउडन व अब्राहम यॉफ यांनी अशा ‘तप्त बिंदूं’चा पद्धतशीर अभ्यास करून तो १९५२ च्या ग्रंथात मांडला. विद्युत् ठिणगी ही असा तप्त बिंदू निर्माण करण्याची सर्वांत सोपी रीत होय.

संमिश्र प्रणोदक : १९४२ मध्ये अमेरिकेत जॉन पार्सन्झ यांनी डांबर व पोटॅशियम परक्लोरेट यांचे ओतता येणारे प्रणोदक तयार केले. त्यातून आजच्या संमिश्र प्रणोदकांचा वंश सुरू झाला. पुढे पोटॅशियम परक्लोरेटाची जागा अमोनियम परक्लोरेटाने, तर डांबराची जागा रबरासारख्या बहुवारिकांनी घेतली. १९५० च्या दशकात त्यांत ॲल्युमिनियमाची पूड मिसळण्यात येऊ लागली. आजच्या नमुनेदार संमिश्र प्रणोदकात वजनाने सु. दोन तृतीयांश अमोनियम परक्लोरेट व पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडे कमी ॲल्युमिनियम असते. उरलेला भाग हायड्रॉक्सी-अंत्य पॉलिब्युटाडाइन या बंधकाचा व इतर पूरक द्रव्यांचा असतो.

भारतात हे तंत्र अवकाश कार्यक्रमातून व संरक्षण संशोधनातून अशा दोन वाटांनी आले. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर (१९३३–२०१५) हे १९६७ मध्ये थुंबा येथील केंद्रात दाखल झाले व घन प्रणोदकांच्या विकासाचे नेतृत्व त्यांनी केले. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवणाऱ्या एसएलव्ही-३ या वाहनाचे चारही टप्पे घन प्रणोदकाचे होते. अशा मोटरींची पोलादी आवरणे बनविण्याचे काम अहमदनगरला लागून असलेल्या पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे होत आले आहे. संरक्षणाच्या बाजूने पुणे येथे १९५८ मध्ये शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था आणि १९६० मध्ये स्फोटक संशोधन व विकास प्रयोगशाळा स्थापन झाली. दुसरीचे नाव १९९५ मध्ये उच्च ऊर्जा द्रव्य संशोधन प्रयोगशाळा असे झाले. या दोन संस्थांच्या सहकार्यातून ‘पिनाक’ हे २१४ मिमी. व्यासाचे रॉकेट व त्याचे संमिश्र प्रणोदक तयार झाले. एका वाहनावरून ४४ सेकंदांत अशी १२ रॉकेटे सोडता येतात. १९९९ च्या कारगिल संघर्षात ते वापरण्यात आले.

अमोनियम परक्लोरेटाचे अपघटन : संमिश्र प्रणोदकाचे वर्तन मुख्यतः अमोनियम परक्लोरेटावर अवलंबून असल्यामुळे संशोधकांचे लक्ष त्याच्या स्फटिकाकडे गेले. हा स्फटिक सु. २४०° से. ला आपली रचना बदलतो व समचतुर्भुजी रूपातून घनीय रूपात जातो. १९५४-५५ मध्ये बर्कमशॉ व न्यूमन यांनी असे दाखविले की, सु. ३५०° से. खाली याचे अपघटन सु. ३० टक्के झाल्यावर आपोआप थांबते. मागे राहणारा सच्छिद्र अवशेष रासायनिक दृष्ट्या अमोनियम परक्लोरेटच असतो. त्याला पाण्याची वाफ दिल्यास अपघटन पुन्हा सुरू होऊ शकते. याचा अर्थ विक्रिया स्फटिकात सर्वत्र सारखी न होता त्यातील भेगा, कणसीमा व दोष यांपाशीच होते.

पहिली पायरी कोणती, याविषयी दोन मते पुढे आली. बर्कमशॉ व न्यूमन यांच्या मते परक्लोरेट आयनाकडून एक इलेक्ट्रॉन अमोनियम आयनाकडे जातो. १९६० च्या दशकात पी. डब्ल्यू. एम. जेकब्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोटॉनाच्या स्थानांतरणाचे मत मांडले. त्यानुसार अमोनियम आयनातील प्रोटॉन परक्लोरेटाकडे जाऊन अमोनिया व परक्लोरिक अम्ल तयार होतात आणि पुढील विक्रिया त्यांच्यात होतात. जे. एन. मेकॉक व व्ही. आर. पै वेर्णेकर यांनी १९६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात स्फटिकातील बिंदुदोषांच्या या विक्रियेतील कार्याविषयी महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. पै वेर्णेकर यांनी नंतर बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेत हे काम पुढे नेले व तेथे प्रणोदक रसायनशास्त्राचा एक अभ्यासगट उभा राहिला. रशियातील नोव्होसिबीर्स्क येथे व्ही. व्ही. बोल्डिरेव्ह यांच्या गटानेही अनेक दशके हा अभ्यास केला.

विद्युत् क्षेत्राचा परिणाम : या वादात विद्युत् क्षेत्र हे एक साधन म्हणून उपयोगी पडले. अपघटनात इलेक्ट्रॉन, प्रोटॉन किंवा स्फटिकातील आयनांच्या रिक्त जागा भाग घेत असतील, तर स्फटिक तापवीत असताना त्याला दोन विद्युत् अग्रांमध्ये ठेवून विक्रियेचा वेग किंवा जागा बदलते का, हे पाहता येते. बाउडन यांच्या गटाने १९५० च्या दशकात हीच दृष्टी ॲझाइडांच्या संवेदनशील स्फटिकांच्या बाबतीत वापरली होती.

साध्या आकडेमोडीने या परिणामाची मर्यादा लक्षात येते. १ मिमी. जाडीच्या स्फटिकाला १,००० व्होल्ट दाब दिला, तर क्षेत्राची तीव्रता दर मीटरला दहा लाख व्होल्ट होते. स्फटिकजालातील अर्ध्या नॅनोमीटरच्या एका उडीत आयनाला या क्षेत्रापासून ०.०००५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा मिळते. २२७° से. तापमानाची औष्णिक ऊर्जा मात्र सु. ०.०४३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे त्याच्या जवळजवळ ८५ पट असते आणि अपघटनासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा बांध एका इलेक्ट्रॉन-व्होल्टाहून अधिक असतो. तेव्हा एकसारखे क्षेत्र रेणूंचे बंध थेट तोडू शकत नाही.

त्याचा परिणाम तीन आडवाटांनी होतो. पहिली, विद्युत् भार वाहून नेणारे कण व रिक्त जागा दीर्घ काळ एकाच दिशेने सरकत राहिल्याने स्फटिकाच्या एका बाजूला विक्रियेस अनुकूल दोष वाढतात व दुसऱ्या बाजूला घटतात. दुसरी, विद्युत् अग्रांपासून स्फटिकात इलेक्ट्रॉन शिरतात किंवा बाहेर काढले जातात. तिसरी, प्रवाहामुळे निर्माण होणारी उष्णता व अखेरीस द्रव्याचा विद्युत् भंग. पहिल्या दोन परिणामांना तिसऱ्यापासून वेगळे करणे प्रयोगात कठीण असते. पृष्ठभागावरील ओलावा, विद्युत् अग्राचा धातू व नमुन्याची शुद्धता यांनुसार निष्कर्ष बदलतात. त्यामुळे केवळ या प्रयोगांवरून मूळ वादाचा निकाल लागला नाही. मात्र स्फटिकातील दोष व भारवाहक यांच्यावर अपघटनाचा वेग अवलंबून असतो, ही गोष्ट त्यांतून अधिक पक्की झाली.

ॲल्युमिनियम असलेल्या प्रणोदकात परिस्थिती आणखी वेगळी असते. धातूचे कण संवाहक, तर त्यांच्यामधील बंधकाचे पातळ पापुद्रे निरोधक असतात. म्हणून बाहेरचे क्षेत्र सौम्य असले, तरी दोन कणांमधील फटीत ते अनेक पटींनी तीव्र होते. एका फटीत भंग झाला की, पुढच्या फटींवरील ताण वाढतो आणि ठिणग्यांची साखळी प्रणोदकाच्या आतून धावते. तेथे अमोनियम परक्लोरेटाचे कण लागूनच असल्याने अपघटनास आरंभ होण्यास वेळ लागत नाही.

अपघात व त्यांपासून मिळालेले धडे : ११ जानेवारी १९८५ रोजी तत्कालीन पश्चिम जर्मनीतील हाइलब्रॉनजवळ अमेरिकन सैनिक ‘पर्शिंग-२’ क्षेपणास्त्राची मोटर पेटीतून बाहेर काढीत असताना तिने अचानक पेट घेतला. तीन सैनिक मरण पावले. तेथे ज्योत नव्हती, की प्रज्वलन मंडलही सुरू केलेले नव्हते. हवा अतिशय थंड व कोरडी होती. मोटरीचे आवरण केव्हलार या निरोधक तंतूचे होते. घर्षणाने त्यावर साचलेल्या भाराच्या क्षेत्रामुळे आतील प्रणोदकात ठिणगी पडली, असे चौकशीत आढळले. ऑगस्ट २००३ मध्ये ब्राझीलच्या अल्कांतारा तळावर उपग्रह वाहनाची एक घन मोटर अवेळी पेटून २१ जण मृत्युमुखी पडले. तेथेही विद्युत् प्रवाह किंवा स्थिर विद्युताचे विसर्जन यांकडे तपासाचा रोख गेला.

थंड व कोरड्या हवेचे महत्त्व पुढील उदाहरणावरून कळते. प्रणोदकाची रोधकता दहा अब्ज ओहम-मीटर असेल, तर त्यावर साचलेला भार सु. अर्ध्या सेकंदात ओसरू लागतो. थंडीमुळे रोधकता शंभर पट झाली, तर त्याला सु. ५० सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत भार साचत राहतो व क्षेत्र वाढत जाते. म्हणूनच प्रणोदक हाताळणाऱ्या कारखान्यांत जमिनी संवाहक ठेवतात, यंत्रे व माणसे यांचे भूयोजन करतात, सुती कपडे व संवाहक पादत्राणे सक्तीची करतात आणि हवेतील आर्द्रता ठराविक मर्यादेखाली जाऊ देत नाहीत. नव्या प्रत्येक मिश्रणाची आघात, घर्षण, उष्णता व विद्युत् ठिणगी यांना दाद देण्याची प्रवृत्ती तपासल्यावरच ते उत्पादनास योग्य ठरते. भारतातील नागरी स्फोटकांच्या सुरक्षिततेचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. हे काम किती जोखमीचे असते, हे २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा येथील आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटाने पुन्हा दिसून आले. त्यात आठ कामगार मरण पावले.

अहमदनगरचे क्षेत्र : अहमदनगर येथे चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय, यांत्रिक पायदळाचे केंद्र आणि वाहन संशोधन व विकास संस्था आहेत. नगर तालुक्यातील खारे कर्जुने या गावाच्या नावावरून ‘के. के. रेंज’ म्हणून ओळखले जाणारे गोळाफेकीचे क्षेत्र याच परिसरात आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये एका सैनिकाला वाहून नेता येईल अशा रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राच्या चाचण्या अहमदनगर येथे झाल्या. २२ सप्टेंबर २०२० रोजी के. के. रेंजवर अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून लेसर-मार्गदर्शित क्षेपणास्त्र सोडण्यात आले व त्याने ३ किमी. अंतरावरील लक्ष्याचा वेध घेतला. १ ऑक्टोबर २०२० रोजी त्याहून अधिक अंतरासाठी चाचणी झाली. पुण्यातील वर उल्लेखिलेल्या दोन संस्था व डेहराडूनची उपकरण संस्था यांनी ते विकसित केले.

हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात तेथे कडक ऊन व हिवाळ्यात कोरडी थंडी असते. ज्या परिस्थितीत प्रणोदकाचे अपघटन व विद्युत् भाराचा साठा या दोन्ही बाबी कसाला लागतात, ती येथे वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत मिळते. प्रयोगशाळेत मिलिग्रॅममध्ये तपासलेले द्रव्य येथे किलोग्रॅममध्ये जळते. चाचण्यांची दुसरी बाजूही आहे. राहुरी, नगर व पारनेर तालुक्यांतील गावे या क्षेत्राला लागून असल्याने त्याच्या विस्ताराची बातमी आली की, जमिनी जाण्याची भीती तेथे पुन्हा पुन्हा उभी राहिली आहे. मुळा धरणासाठी एकदा उठलेल्या कुटुंबांना ती विशेष जाणवते. न फुटलेला दारूगोळा भंगार म्हणून उचलताना या भागात जीवितहानीही झालेली आहे. प्रणोदक व स्फोटक यांची विश्वासार्हता, म्हणजे पेटावयाचे तेव्हाच पेटणे व एरव्ही न पेटणे, हा गुण सैनिकाइतकाच शेजारच्या शेतकऱ्याच्याही हिताचा आहे.

नव्या दिशा : ज्या विद्युत् क्षेत्राला आतापर्यंत दूर ठेवण्याचा प्रयत्न झाला, त्याचाच नियंत्रणासाठी उपयोग करण्याचे प्रयत्न एकविसाव्या शतकात सुरू झाले आहेत. हायड्रॉक्सिल अमोनियम नायट्रेटावर आधारित काही घन प्रणोदके विद्युत् दाब दिल्यावर जळतात व तो काढून घेतल्यावर विझतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून सोडलेल्या ‘स्पिनसॅट’ या लहान अमेरिकन उपग्रहावर अशा प्रणोदकाची कक्षेत चाचणी घेण्यात आली. एकदा पेटल्यावर विझविता न येणे ही घन प्रणोदकांची जुनी उणीव यामुळे काही अंशी दूर होऊ शकेल. तथापि मोठ्या मोटरींसाठी अमोनियम परक्लोरेटाची मिश्रणेच प्रचलित आहेत आणि त्यांच्या बाबतीत विद्युत् क्षेत्र अद्यापि प्रामुख्याने टाळावयाचा धोका आहे. पर्फ्लीटच्या कोठारावर टोकदार संवाहक बसविण्याच्या शिफारशीपासून सुरू झालेले हे शास्त्र आज धातूच्या दोन कणांमधील फटीपर्यंत पोहोचले आहे; विद्युत् भाराला वेळीच निरुपद्रवी वाट मिळावी, हे त्याचे मूळ सूत्र मात्र कायम आहे.